पारोसे देव

"तुला सुतक नाही," हितेंद्र म्हणाला. "तेव्हा पूजा तूच कर. चार दिवस झाले, देव पारोसे आहेत."

विनीत देव्हाऱ्यासमोर उभा होता. देवांवर उन्मेषनं शेवटच्या सकाळी वाहिलेली जास्वंद होती. तिचा लाल रंग जाऊन ती काळपट झाली होती, पाकळ्या आत वळल्या होत्या. पूजा करायची म्हणजे आधी निर्माल्य काढावं लागणार.

परळच्या त्या फ्लॅटमध्ये उन्मेष आणि विनीतनं नऊ वर्षं संसार केला. उन्मेषची आई आणि थोरला भाऊ हितेंद्र लालबागहून तिथे आले ते उन्मेष गेल्यावरच. आई, ललिताबाई, हॉलमध्ये चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ताट होतं: भात आणि बिनफोडणीची डाळ. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. गुरुजी खुर्चीवर होते. दहाव्याचं ठरवायला आले होते.

"मी दहाव्याला बाणगंगेवर येणार आहे," विनीत म्हणाला. "मला तिलांजली द्यायची आहे."

"ये की," हितेंद्र म्हणाला. "मित्रांमध्ये उभा राहा. पाणी सुतकातली माणसं देतात."

"आणि मला सुतक का नाही?"

हितेंद्र भोईवाड्याच्या कोर्टात वकिली करायचा. त्यानं आवाज चढवला नाही.

"सुतक येतं रक्तानं, नाहीतर लग्नानं. रक्ताचा तू नाहीस. लग्नाचं म्हणशील, तर सुप्रीम कोर्टानं तेवीस सालीच सांगितलंय. असा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. केला संसदेनं?"

"आमचं नातं गुन्हा नाही, हेही त्याच कोर्टानं सांगितलं होतं."

"गुन्हा नाही, एवढंच. शेजारी असणं पण गुन्हा नाही. शेजाऱ्याला सुतक येतं का?"

विनीत गुरुजींकडे वळला. "रक्त आणि लग्न सोडून तिसरं काहीच नसतं का, गुरुजी?"

"दत्तक," गुरुजी म्हणाले आणि चष्मा काढून उपरण्यानं पुसू लागले.

"घ्या," हितेंद्र म्हणाला. "मग कोण कोणाला मांडीवर घेणार होतं?"

तो एकटाच हसला. ललिताबाईंनी मान वर केली नाही.

"तुम्ही स्पष्टच सांगून टाका, गुरुजी," हितेंद्र म्हणाला. "मागाहून बाणगंगेवर तमाशा नको."

गुरुजींनी चष्मा लावला. शिकवणी घेतल्यासारखे ते सावकाश बोलू लागले. "परक्याला सुतक नाही. मित्र गेला तर अंघोळ केली की माणूस शुद्ध. हां, प्रेमानं खांदा दिला असेल तर तीन दिवस."

"खांदा दिला यानं. गेटपासून गाडीपर्यंत. तीन दिवस काल संपले."

"मग आज मोकळा."

"ऐकलंस?"

"त्या घरचं सुतकाचं अन्न खाल्लं असतं, तर गोष्ट वेगळी होती," गुरुजी म्हणाले. "खांदाही दिला आणि अन्नही खाल्लं, तर मग घरच्यांसारखेच दहा दिवस. शास्त्रात आहे तसं."

"नाही खाल्लं. त्याचा डबा वेगळा येतो."

डबा समोरच्या वैशालीताईंकडून यायचा. तशी सोय हितेंद्रनंच पहिल्या दिवशी लावून दिली होती. आजचा डबा दाराजवळ चपलांच्या कपाटावर तसाच होता.

हितेंद्रनं ताम्हनाकडे हनुवटीनं खूण केली. "चल. गुरुजींसमोर होऊन जाऊ दे. आईच्या जिवालाही बरं वाटेल."

आज पूजा केली की दहाव्याला पाणी नाही, हे विनीतला कळत होतं. त्यानं ललिताबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर जमिनीवर होती. तो वाकला. त्याचं बोट जास्वंदीला लागलं तशी एक पाकळी चुरली.

"थांब."

ललिताबाईंनी आपलं ताट फरशीवरून पुढे सरकवलं. ताटाचा कर्रकन आवाज झाला.

"बस हय. जेव."

विनीतशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आई, काय करतेस?" हितेंद्र म्हणाला. "ते सुतकाचं अन्न आहे. गुरुजींनी आत्ता काय सांगितलं?"

"माका कायदो कळना नाय रे," त्या म्हणाल्या. "गुरुजी बोलले, ता कळला."

हितेंद्रनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खुर्चीखालची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

विनीत चटईच्या कडेला बसला. ललिताबाई जराशा भिंतीकडे सरकल्या. त्यानं भातात डाळ कालवली आणि पहिला घास घेतला. डाळ गार होती, तिच्यात मीठ नव्हतं. तो मान खाली घालून जेवत राहिला. त्यानं ताट स्वच्छ केलं.

हितेंद्र देव्हाऱ्यासमोर उभा होता. सुतकात त्याला देवांना हात लावता येत नव्हता. आता त्या घरातल्या कोणालाच येत नव्हता.

देव पारोसेच राहिले. उन्मेषची जास्वंद त्यांच्या डोक्यावर होती तशीच होती, एक पाकळी कमी.