सहा खिशांची पँट

सुंदराआजीने पाचवी पँटही काउंटरच्या कडेला सारली आणि सहावीसाठी हात पुढे केला. वर्षाने हताश होऊन आजोबांकडे पाहिलं. धुडकू आजोबा दुकानाच्या पायरीवर बसून शेंगदाण्याची पुडी कापत होते, आपल्या त्या बोटभर कात्रीने. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धागे कापायची ती कात्री. लूम सुटून पंधरा वर्षं झाली, पण कात्री काही सदऱ्याच्या खिशातून निघाली नव्हती. घरात सगळे तिच्यावरून त्यांची चेष्टा करत. आजी मात्र कधी तिला नावं ठेवत नसे.

उद्या सकाळी सातला इच्छापोरच्या कारखान्याची बस सुरतेतल्या उधन्याच्या नाक्यावर येणार होती. आयटीआयमधून फिटर होऊन निघालेल्या वर्षाला तिथे यंत्रांच्या देखभालीचं काम मिळालं होतं. ओढणी-सलवार चालणार नाही, मजबूत खिसेवाली पँट घालूनच या, असं सुपरवायझरने बजावलं होतं. त्यावरून घरी दोन दिवस खल झाला. काकूने नाक मुरडलं. वडिलांनी सगळं आजीवर सोपवलं. ती हो म्हणाली तर जा म्हणाले. आणि आजी एवढंच म्हणाली, की पँट मी निवडणार. वर्षाने त्याचा एकच अर्थ लावला. आजी तोंडाने नाही म्हणणार नाही, पण तिला पँट काही पसंत पडणार नाही.

तसंच चाललं होतं. आजीचा उभा जन्म उधन्यात धाग्याच्या बॉबिन भरण्यात आणि कापड तपासण्यात गेलेला. तिने प्रत्येक पँट चिमटीत धरून आडवी-उभी ओढून पाहिली. बोट ओलं करून रंग घासला. पँट उलटी करून शिवण तपासली. वर्षाला घालायला लावून उकिडवं बसवलं, स्टुलावर पाय ठेवायला लावला, जमिनीला हात टेकवायला लावले. गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून तमाशा बघत राहिली. एवढं सगळं झाल्यावर आजी वाकायची, पँटीभोवती घोट्यापर्यंत हात फिरवायची आणि मान हलवायची. नाही.

दुकानदार गुजराती, स्वभावाने गोड, आजीला आईसारखं 'बा' म्हणणारा. त्याने सहावी पँट काढली ती ठेवणीतली. गडद हिरवी, जाडजूड, तरी अंगाला मऊ. सहा खिसे. एकात टेप मावेल, एकात पान्हा, एकात फोन. मांड्यांवरून सोडलेल्या काळ्या पट्ट्या, घोट्यांना दोऱ्या, कमरेला वीतभर लोंबणारी नाडी. हल्ली याशिवाय कार्गो खपतच नाही, बा, असं तो कौतुकाने सांगत होता. वर्षाने आरशात पाहिलं आणि स्वतःलाच ती आवडली. उकिडवी बसली, पँट कुठे काचली नाही. पायरीवरून उडी मारली, कुठे अडली नाही.

"कापड चांगलं शे," आजी आपल्या बोलीत म्हणाली.

वर्षाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आजीने एक काळी पट्टी बोटाला गुंडाळली आणि जोरात हिसका दिला. पट्टी तुटली नाही. पुन्हा दिला. तुटली नाही. दुकानदार खूश झाला, आणि आजीचा चेहरा उतरला. तिने मान हलवली.

आता मात्र वर्षाला राहवलं नाही.

"आजी, मी कामाला जाऊ नये असंच वाटतं ना तुला? मग तसं सांग ना सरळ. त्या पँटीवर कशाला ढकलतेस?"

आजी पायरीकडे वळून म्हणाली, "अहो, कात्री द्या इकडे."

ती गुडघ्यांवर बसली आणि वर्षाच्या अंगावरच तिने पँट साफ करायला घेतली. पट्ट्या गेल्या. घोट्यांच्या दोऱ्या गेल्या. नाडीची टोकं गेली. दुकानदार बा, बा करत काउंटरबाहेर आला, तेव्हा आजीने हीच बांधा म्हणून त्याला सांगितलं. पँटीवर आता लोंबणारं काही उरलं नव्हतं.

"तुझं सोपं होतं पोरी," आजोबा पायरीवरून म्हणाले. "मला हिचा अख्खा पदर कापावा लागला होता."

आजी चक्क लाजली. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट ती. नवी कोरी नायलॉनची साडी, सुरतेचीच, हौसेने कामावर नेसून गेलेली. बॉबिनच्या मशीनच्या फिरत्या पट्ट्याने पदर धरला. साधं सुती लुगडं असतं तर फाटलं असतं आणि ती सुटली असती. नायलॉन कसला फाटतोय! मशीन तिला ओढत होतं आणि बायका नुसत्या ओरडत होत्या. तेव्हा शेजारच्या लूमवरून एक अनोळखी पोरगा धावत आला होता, हातात बोटभर कात्री घेऊन.

आजीने कात्री पुसून आजोबांना परत दिली.

"जा पोरी, खुशाल जा," ती म्हणाली. "आता कात्री घेऊन कोणी धावत यायची गरज नाही. आणि आलाच कोणी, तर त्याला चहाला घरी घेऊन ये."