फक्त तारीख

"फक्त तारीख मांग, बाकी तोंड उघडू नको," असं बजावून पुसदच्या दीनानाथ वकिलांनी ज्युनिअर केतकीला सहा वर्षं कोर्टात मुकी ठेवली. ती परीक्षा देऊन उपजिल्हाधिकारी झाली.

आज तिच्यापुढे दीनानाथांनी सरकारी जागेवर चढवलेल्या बंगल्याचंच प्रकरण होतं. पाडकामावरची स्थगिती संध्याकाळी संपत होती. दीनानाथ बाहेर चहाला थांबले आणि सवयीने त्यांनी नव्या ज्युनिअरला, मितालीला, आत पाठवलं. तिने तारीख मागितली, केतकीने पंधरा दिवसांनंतरची दिली.

"अजून काही मागायचं आहे?"

मितालीने फाईलीतल्या स्थगितीच्या आदेशाकडे पाहिलं, मग केतकीकडे.



"नाही मॅडम. बाकी तोंड उघडू नको म्हणाले सर."