घेऊनच जाईन

हळदीच्या मांडवात डीजेवर ‘तुझ्या दारी येईन, तुला घेऊनच जाईन’ लागलं आणि रेश्माच्या गालाला हळद फासत मावशी म्हणाली, “नवरदेवाचा लई जीव हाय बघ तुझ्यावर!” रेश्माच्या अंगावर काटा आला. कॉलेजला जाताना काष्टीच्या एसटी स्टँडवर दुसराच एकजण उसाचा ट्रॅक्टर तिच्यासमोर उभा करून रोज हेच गाणं लावायचा. मैत्रिणींना गाण्यातला पोरगा प्रेमवेडा वाटायचा. पण अख्ख्या गाण्यात ‘येशील का?’ असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. “मावशी, बंद करायला सांग ना!” “अगं, वरातीचं गाणं हाय. लाजतीस व्हय?” ती उठली, तशी बायकांनी ओढून पाटावर बसवलं; म्हणे, हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर जात नसते. ती रडायला लागल्यावर भावानं डीजे बंद केला. मावशीचा हळदीचा हात तसाच थांबला. गाणं चालूच होतं. उसातल्या वाटेनं मांडवाकडं येत होतं.