तारेचं टोक

रेडिओवरच्या बाईनं नाव घेतलं आणि रत्नप्रभाच्या हातातली चहाची किटली कपावर तशीच थांबली.

"गात आहेत, कुमारी उत्तरा अनंत साळवे, घाटकोपर."

खोलीत चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसं दाटीनं बसली होती. सगळ्यांनी आधी पाळकसाहेबांकडं बघितलं, मग अनंतकडं. रत्नप्रभाकडं कुणीच नाही. आई काय, तिला विचारतो कोण.

"कुमारी म्हणे," कोपऱ्यातून वनमालाबाई नाकातल्या नाकात हसली.

दोन महिन्यांपूर्वी भर उपासनेत ह्या पोरीचं नाव मंडळीतून कापलं होतं. गुन्हा एवढाच, की संपावर बसलेल्या लवू नावाच्या एका गिरणी कामगाराशी तिनं कोर्टात लग्न केलं, आणि तो निघाला सावंतवाडीकडचा हिंदू. चोरी केली असती तर क्षमा होती. क्षमेवर पाळकसाहेब फार छान बोलायचे.

आणि आता तीच पोरगी गात होती, बापाच्याच खोलीत.

ह्या रेडिओची तऱ्हाच वेगळी. मुलुंडला चर्चच्या मागं एक खोली, भिंतींना गोणपाट ठोकलेलं. मंडळी तिला ऐटीत 'स्टेशन' म्हणायची. सात वर्षं तिथं येशूची गाणी टेपवर भरली जात होती. पेटी अनंत वाजवायचा, टेपा बांधून पाठवायचाही तोच. देशात सरकारशिवाय कुणाला रेडिओ चालवायची मुभा नाही, म्हणून टेप बोटीनं दूरच्या एका बेटावर जायची आणि तिथल्या मनोऱ्यावरून दीड-दोन महिन्यांनी हवेतून परत यायची. मुलुंडला गायलेलं घाटकोपरला ऐकायचं तर मध्ये एवढा समुद्र. गाणारं माणूस तोवर कुठं गेलं, कुणाचं झालं, ते बेटाला काय ठाऊक.

आवाज लाटांवर बसून यायचा आणि मध्येच बुडायचा. खिडकीतून आत घेतलेल्या तांब्याच्या तारेचं उघडं टोक कुणी हातात धरून उभं राहिलं की साफ व्हायचा. ते काम उत्तराचं, लहानपणापासून. ती गेल्यावर दर गुरुवारी तार नुसती लोंबायची. धरा कुणीतरी, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मंडळी खरखर ऐकायची, आमेन म्हणायची आणि उठायची.

पहिलं कडवं बरं आलं. रत्नप्रभाचा जीव दुसऱ्या कडव्यात अडकला होता. तिथं पोरगी चुकीच्या जागी श्वास घ्यायची, ओळीच्या मधोमध. त्यावरून अनंतनं तिला किती फाडून खाल्लं होतं. पेटीचा भाता आपटून म्हणायचा, ओळ संपेपर्यंत मरत नाहीस तू. पण खोड काही गेली नाही. रत्नप्रभाला गाणं नको होतं, गाणं काय, कुणीही गातं. तिला तेवढा श्वास हवा होता. पोरगी जोगेश्वरीला असते, ह्यापलीकडं दोन महिन्यांत तिला काही कळलं नव्हतं. नीट जेवते का, हे विचारायचीसुद्धा घरात चोरी. अनंतनं त्या दिवसापासून पोरीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

पहिलं कडवं संपता संपता आवाज बुडायला लागला.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "अनंतराव, हे गाणं टेपमधून काढायला सांगितलं होतं मी तुम्हाला."

"काढायचं राहिलं," अनंत म्हणाला.

रत्नप्रभानं चमकून नवऱ्याकडं बघितलं. बाहेर कावळा ओरडला म्हणून ह्या माणसानं अख्खी टेप पुसून सगळ्यांना पुन्हा गायला लावलं होतं. त्याचं काढायचं राहिलं?

"मग आता बंद करा तो रेडिओ," पाळकसाहेब म्हणाले.

अनंत उठला. रत्नप्रभानं किटली खाली ठेवली. लग्न झाल्यापासून चारचौघांत ती नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. आता बोलली, आणि आवाजही चढवला नाही.

"बटणाला हात लावलात, तर उद्यापासून ह्या घरात चूल पेटायची नाही."

अनंतनं तिच्याकडं बघितलं नाही. तो रेडिओपर्यंत गेला, रेडिओ ओलांडून पुढं खिडकीशी गेला. लोंबती तार त्यानं उचलली, टोक मुठीत घट्ट धरलं आणि हात डोक्यावर ताणून उभा राहिला, उत्तरा राहायची तसाच.

आवाज वर आला. इतका स्वच्छ, की पोरगी मोरीत पाय धुताना गुणगुणतेय असं वाटावं. दुसरं कडवं सुरू झालं. आणि ओळीच्या मधोमध, चुकीच्याच जागी, श्वास आला.

पाळकसाहेबांनी बायबल काखेत मारलं आणि ते चालते झाले. मागोमाग एकेक जण उठला, दारात चपला शोधल्या, जिना उतरला. वनमालाबाई कप भरलेला ठेवून गेली. जाताना काहीतरी पुटपुटली, पण ते ऐकायला खोलीत कुणाला सवड नव्हती.

गाणं संपलं. रेडिओवरच्या बाईनं श्रोत्यांची पत्रं वाचली, प्रार्थना म्हटली, पुढच्या गुरुवारी भेटू म्हणाली. मग तीही गेली. नुसती खरखर राहिली. अनंतचा हात मात्र खाली येत नव्हता.

"अहो, संपलं," रत्नप्रभा म्हणाली. "सोडा आता. हात भरून येईल."

"परत लावतात कधी कधी," अनंत म्हणाला.

सात वर्षांत एकदाही परत लावलेलं नव्हतं. तिला माहीत होतं. त्याला तिच्याहून जास्त.

रत्नप्रभा रेडिओजवळ गेली आणि तिनं आवाज मोठा केला.