अण्णांचा नंबर

"हे असले बूट घालून सहलीला गेलो, तर लोक माझ्यासाठी व्हीलचेअर मागवतील," समोर ठेवलेले जाडजूड, आरामाचे बूट बघून दामूअण्णांनी दुकानात शेरा मारला. अंगठ्याचं हाड वाढलेलं, टाच दुखरी. तरी बूट रुबाबदारच हवे होते. तसे मिळाले, तरच ते लेकीसोबत हंपीला जाणार होते.

"बाबा, नऊ नंबरचे घालून बघा ना," लेक म्हणाली.

"चाळीस वर्षं माझा नंबर आठ आहे. पाय आता या वयात वाढायला लागले काय?"

आठचे चार जोड झाले. एकातही पाय धड शिरला नाही.

"राहू दे हंपी," अण्णा म्हणाले. "दगडच बघायचेत, ते आपल्या अंगणातही आहेत."

म्हातारे दुकानदार मुरलीशेठ गल्ल्यावरून उठले. "अण्णा, वहिनी आता नाहीत, म्हणून सांगतो. तुम्ही आठवर अडून बसायचात. मग वहिनी मला डोळ्यांनी खुणावायच्या आणि मी आठच्या खोक्यात नऊचा जोड घालून आणायचो. दर वेळी."

अण्णांनी समोरचा आठचा जोड पायाने बाजूला सारला.

"मग आताही तसाच आणा," ते म्हणाले. "खोकं मात्र आठचंच असू द्या."