नारळाचा कौल

बाभळीपाशी येताच भागूजीच्या तळहातावरचा आडवा नारळ ताडकन उभा राहिला. खाली पाणी होतं, तेही भरपूर. पंचक्रोशीतला नावाजलेला पाणाड्या तो. ही खूण त्याला कुणी शिकवायला नको होती. पण रान चुलतभावाचं, सखाहरीचं होतं. भागूजीच्या पोटात आगडोंब उसळला.

गेल्या साली अशाच खुणेवर त्यानं स्वतःच्या रानात बोअर घेतला, तर नुसता फुफाटा उडाला होता. वाटणीत काळी जमीन सखाहरीला, डाळिंबाची बाग सखाहरीची, आणि आता पाणीही त्यालाच?

सखाहरी जवळ यायच्या आत भागूजीनं दुसऱ्या हातानं नारळ आडवा केला आणि पार बांधाकडेच्या उघड्या खडकावर जाऊन थांबला.

"इथं घे. डोळे झाकून घे."

बोअरची गाडी लागली. कोरडी भुकटी उडत राहिली, तशी भागूजीच्या पोटातली आग निवत गेली. आणि एकाएकी भुकटीचा चिखल झाला, चिखलामागून पाणी आलं आणि त्याचा फवारा गाडीच्याही वर गेला.

चिंब भिजलेला सखाहरी धावत येऊन पायाच पडला. "दादा, खडकात पाणी दाखवलंस! तुझा नारळ कधी खोटं बोलायचा नाही." तोच नारळ त्यानं बोअरपाशी वाढवला आणि पहिला तुकडा भागूजीच्या हातावर ठेवला.

स्वतःच्या रानात भागूजी खऱ्यानं वागून कोरडा राहिला होता. सखाहरीला तर भागूजीचं खोटंही फळलं होतं.

खोबरं चांगलं गोड होतं. घशाखाली मात्र उतरेना.