रिकाम्या खुर्चीचा अभिप्राय

मॅडम सांडपाण्याच्या टेबलावरून उठल्या आणि फाइल घेऊन भूगर्भाच्या टेबलाशी जाऊन बसल्या. विभागाचे म्हातारे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, चहाचा कप घेऊन त्यांच्या मागोमाग आले.

“इथेच ठेवू, की अजून एखादी बदली व्हायची आहे?”

नगररचना विभागाच्या त्या लांबट खोलीत टेबले पुष्कळ होती. त्यांच्यावर बसणारे माणूस उरले होते एकच. रिकाम्या झालेल्या प्रत्येक खुर्चीचा अतिरिक्त कार्यभार मॅडमकडे येत गेला होता. त्यांनी त्यातूनच स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. ज्या टेबलाचा अभिप्राय, तो त्याच टेबलावर बसून लिहायचा, आणि तिथे बसल्यावर फक्त तेवढेच पाहायचे. रस्त्याच्या टेबलावर रस्ता, सांडपाण्याच्या टेबलावर पाणी. हात एकच असला तरी नजरा वेगळ्या असाव्यात, एवढाच त्यांचा आग्रह. मामा त्याला फेरफटका म्हणत.

फाइल टेकडीचा पायथा कापून उभ्या राहणाऱ्या इमारतीची होती. नगररचनाकाराच्या टेबलावरून मॅडमनी तिच्यावर मागेच ‘हरकत नाही’ असे लिहिले होते. रस्ता पुरेसा रुंद होता, उंची नियमात बसत होती. टेकडी धरेल की नाही हा प्रश्न त्या टेबलाचा नव्हता. तो या टेबलाचा होता. इतर फायलींच्या ढिगातून वर येता येता तिला आजचा दिवस उजाडला होता.

खिडकीतून टेकडी दिसत होती. पायथ्याशी खोदाईचे पिवळे यंत्र मान खाली घालून उभे होते, आणि त्याच्या खालच्या अंगाला घरांची एक ओळ, उतरणीला पाठ टेकून बसल्यासारखी. त्यातल्या एका घरात मामांची लेक नवरा आणि तान्ह्या बाळासह राहत होती. तिचेच मामा सांगत होते. घराचे दार बसत नाही म्हणून जावयाने रंधा आणला, फळीची कड तासली, पुन्हा तासली. दार आपले अडकतेच.

“जावई पार सुतार झाला, पण दार काही त्याला जुमानत नाही. लाकूड फुगलं असणार.”

“हवा कोरडी आहे, मामा,” मॅडम म्हणाल्या. फाइल चाळणारा त्यांचा हात थांबला होता. “कुठं अडकतं? वरच्या कोपऱ्यात?”

“टेकडीकडच्या. तुम्हाला कसं कळलं?”

मॅडमनी पेनाचे टोपण काढले.

तेवढ्यात उपायुक्त साहेब आत आले. मागे दोन हमाल होते. साहेब माणूस वाईट नव्हता; आवाजात थकवा होता आणि थोडी शरमही. त्यांनी सांगितले ते असे, की सकाळी अंदाजपत्रक मंजूर झाले आणि त्यात या विभागाची सगळी रिक्त पदे रद्द झाली. टेबले करवसुलीकडे जायची आहेत. तिकडे भरती आहे. तो विभाग पैसे आणतो, हा नुसता खातो.

मॅडमनी हे एक टेबल संध्याकाळपर्यंत राहू द्यावे अशी विनंती केली. टेकडी सरकते आहे, असे त्या म्हणाल्या. हरकत लिहायची आहे.

“कोणाची हरकत?” साहेबांनी विचारले. “भूगर्भ अधिकारी हे पदच आता नाही. नसलेल्या माणसाची हरकत मी कशी नोंदवू?”

“मग नगररचनाकार म्हणून लिहिते.”

साहेबांनी फाइल स्वतःकडे ओढली, पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“नगररचनाकारांची हरकत नाही. अक्षर तुमचंच ना?”

त्या खुर्चीत बसले तेव्हा मी टेकडीकडे पाहिलं नव्हतं, असे मॅडम सांगू लागल्या. वाक्य अर्ध्यावरच थिजले. या खोलीबाहेर ते कोणाला समजले असते? निदान एकदा जागा पाहून येऊ द्या, असे त्यांनी म्हणून पाहिले. गाडी कधीचीच काढून घेतली आहे, याची साहेबांनी आठवण करून दिली. चालत जाते, मॅडम म्हणाल्या.

“जरूर जा,” साहेब हळुवारपणे म्हणाले. “सही झाल्यावर.”

बांधकामाच्या परवानगीवर सही त्यांनी त्याच टेबलावर, उभ्या-उभ्याच केली. मग हमालांनी टेबलाला हात घातला. मॅडमनी चहाचा कप उचलून घेतला. खुर्चीही जायची होती, म्हणून त्या उठल्या. फरशीवर टेबलाच्या पायांच्या जागी फिकट चौकोन उरले, कधीच ऊन न पाहिलेल्या कातडीसारखे.

दाराशी पोचता पोचता साहेबांनी कोणाला तरी फोन केला. “करा सुरू,” एवढेच बोलले. खिडकीबाहेर, दूरवर, पिवळ्या यंत्राने मान उचलली.

“मामा,” मॅडम म्हणाल्या, “लेकीला फोन लावा. बाळाला घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पड म्हणावं. सामान राहू दे.”

मामा व्हरांड्यात गेले. हातातला कप कुठे ठेवावा हे मॅडमना कळेना. खोलीभर त्या जागा शोधत राहिल्या. जमिनीतून येणारा घरघराट एव्हाना कपातल्या चहात उतरला होता. वर्तुळे उमटत होती आणि विरायच्या आत पुन्हा उमटत होती.

मामा परत आले तेव्हा फोन कानालाच होता आणि चेहऱ्यावर एक अर्धवट, सुटकेचे हसू.

“दार बसलं म्हणते, मॅडम. आत्ताच. आपलं आपण, एकदम घट्ट.”

ते पुन्हा ऐकू लागले. हसू तिथेच राहिले. फक्त त्यातले मामा निघून गेले.

“ओढतेय म्हणते. उघडत नाहीये.”